बाबा डुकराच्या किडनीची वाट बघतायत

पत्र: ताई, माझ्या बाबांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. वय ६१. तीन वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. माझा रक्तगट जुळतो, पहिल्या तपासण्याही चांगल्या आल्यात. मी किडनी द्यायला तयार आहे असं घरात सांगून बसलेय. पण मध्यंतरी बाबांनी डुकराच्या किडनीची बातमी वाचली आणि तेव्हापासून त्यांचा एकच धोशा आहे: दोन वर्षं थांबू, पोरीच्या अंगाला सुरी लावून मला जगायचं नाही. आईला तर ती कल्पनाच सहन होत नाही. जनावराचा अवयव आत घेतल्यावर माणूस तोच राहतो का, असं विचारते. भाऊ म्हणतो, ताई देतेय तर घ्या की. आणि मी? बाबा ‘थांबू’ म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं. त्या रात्री स्वतःचीच एवढी लाज वाटली की झोप लागली नाही. माझं लग्न ठरतंय, पुढे मुलं हवी आहेत. खरंच थांबलं तर चालेल का? – एक मुलगी, वय २९

उत्तर:

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू शेवटाकडे, घाईघाईनं उरकून टाकलीयस. हायसं वाटलं, ही. ती लिहिलीस हे फार बरं झालं. नाहीतर मी तुला डुकराच्या किडनीबद्दल चार गोष्टी सांगून मोकळी झाले असते आणि तुझा खरा प्रश्न तसाच राहिला असता. हायसं वाटण्यात काहीही वाईट नाही. धडधाकट शरीरातला एक अवयव काढून द्यायचा म्हटल्यावर ज्याला जराही भीती वाटत नाही, त्यानं अजून नीट विचारच केलेला नाही असं मी समजते.

त्याकडे येतेच. आधी तू विचारलंस त्याचं उत्तर. डुकराच्या किडनीच्या भरवशावर थांबणं बाबांना परवडणारं नाही. तुझी किडनी घ्यायची की नाही हा वेगळा निर्णय आहे. तो ‘हो’ असा घ्या, नाहीतर ‘नाही’ असा घ्या. दोन्ही मला मान्य आहे. पण ती बातमी पुढे करून तो टाळू नका. आत्ता बाबाही तिच्या आड उभे आहेत आणि तूही.

बाबांनी वाचलेली बातमी खोटी नाही, तेव्हा त्यांना वेड्यात काढू नकोस. साध्या डुकराचा अवयव माणसाला बसवला तर तो काही मिनिटांत, फार तर काही तासांत काळानिळा पडून निकामी होतो. डुकराच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर अल्फा-गॅल नावाची एक साखर असते. आपल्या पेशींवर ती नसते, पण आपल्या आतड्यातल्या काही जंतूंवर असते. त्यामुळे तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे परक्या गोष्टींवर हल्ला करणारी प्रथिनं, आपल्या रक्तात लहानपणापासूनच तयार असतात. नव्या अवयवात रक्त सोडलं की त्या तुटून पडतात आणि गुठळ्या होऊन सगळं थांबतं. ही साखर बनवणारं जनुकच काढून टाकलेली डुकरं २००२-०३ च्या सुमारास जन्माला आली. मग क्रिस्पर नावाचं जनुकं कापण्या-जोडण्याचं तंत्र हाती आलं आणि कामाला वेग आला.

मार्च २०२४ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ६२ वर्षांच्या रिचर्ड स्लेमन यांना जी किडनी बसवली, त्या डुकराच्या जनुकांत ६९ बदल केलेले होते. त्रासदायक साखरा बनवणारी ३ जनुकं काढलेली, माणसाची ७ घातलेली, आणि डुकराच्या स्वतःच्या जनुकांतच दडून असलेल्या विषाणूंचे ५९ तुकडे निष्प्रभ केलेले. रक्तवाहिन्या जोडून चिमटे सोडल्यावर ती किडनी गुलाबी झाली, लघवी तयार करू लागली आणि थिएटरात टाळ्या वाजल्या. हे वाचताना माझ्याही अंगावर काटा आला होता. बाबांना आशा वाटली तर त्यांचं काय चुकलं?

पण बातमी इथे संपते आणि गोष्ट पुढे चालू राहते. स्लेमन जवळजवळ दोन महिन्यांनी गेले. हृदयविकारानं गेले, किडनी शरीरानं नाकारल्याची खूण सापडली नाही. त्यांची स्थिती मुळातच बिकट होती. २०१८ मध्ये बसवलेली माणसाची किडनी निकामी होऊन ते पुन्हा डायलिसिसवर आले होते, आणि डायलिसिससाठी जिथून रक्त घ्यायचं ती जागा गुठळ्यांनी सारखी बंद पडत होती. त्याआधी २०२२ मध्ये मेरीलँड विद्यापीठात डेव्हिड बेनेट यांना डुकराचं हृदय बसवलं होतं. तेही दोन महिने जगले. त्यांच्या हृदयात डुकराचा एक विषाणू सापडला, जो तपासण्यांतून निसटला होता. जानेवारी २०२५ मध्ये बॉस्टनमध्येच टिम अँड्र्यूज यांना बसवलेली किडनी २७१ दिवस चालली. तोवर डुकराची किडनी कुणाच्याच शरीरात इतकी टिकली नव्हती. मग काम मंदावलं म्हणून ती काढावी लागली आणि ते पुन्हा डायलिसिसवर गेले.

२७१ दिवस म्हणजे साधारण नऊ महिने. हा आकडा मला अस्वस्थ करतो, कारण १९६३-६४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला डॉ. कीथ रीम्त्समा यांनी १३ रुग्णांना चिंपांझीच्या किडन्या बसवल्या होत्या. त्यांतले बहुतेक काही आठवड्यांत दगावले, पण एक तरुण शिक्षिका जवळजवळ नऊ महिने जगली, कामावरही परत गेली. चिंपांझी आपला जवळचा नातेवाईक, म्हणून तेव्हा ते जमलं. पण त्याच जवळिकीमुळे त्याचे रोगही आपल्यात सहज येऊ शकतात. ते प्राणी मुळात थोडे, आणि त्यांना मारणं कुणाच्याही मनाला सहज पटत नाही. डुकराचे अवयव आपल्या मापाचे असतात, एका वेळी आठ-दहा पिल्लं होतात, काही महिन्यांत ती पुरेशी वाढतात. म्हणून शास्त्रज्ञ डुकराकडे वळले. आजचे नऊ महिने तेव्हाच्या नऊ महिन्यांपेक्षा फार वेगळ्या पायावर उभे आहेत, हे मी मानते. पण वाट पाहणाऱ्या माणसाला दोन्हींत नऊच महिने मिळतात.

आता टोवाना लूनी यांची गोष्ट सांगते. बाबांना ती अजून कळली नसेल तर कळेलच, आणि ती त्यांना तुझ्याकडूनच कळलेली बरी.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या या बाईंनी १९९९ मध्ये आपल्या आईला एक किडनी दिली. तुझ्यासारख्याच मुलगी म्हणून उभ्या राहिल्या होत्या. पुढे गरोदरपणात गुंतागुंत झाली, रक्तदाब वाढला, आणि त्या रक्तदाबानं उरलेली एकुलती किडनी खराब केली. २०१६ च्या अखेरीस त्या डायलिसिसवर गेल्या. पूर्वी किडनी दिलेली असल्यामुळे प्रतीक्षायादीत त्यांना प्राधान्य होतं, तरी किडनी मिळेना. त्यांच्या रक्तात माणसांच्याच पेशींविरुद्ध इतक्या अँटिबॉडी झाल्या होत्या की जुळणारा दाता सापडणं जवळपास अशक्य होतं. २५ नोव्हेंबर २०२४ ला न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयात त्यांना डुकराची किडनी बसवली. आठ वर्षांनी डायलिसिस सुटलं. त्या घरी गेल्या, हिंडू-फिरू लागल्या. मग एक संसर्ग झाला, तो आवरण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करावी लागली, आणि शरीरानं ती किडनी नाकारली. एप्रिल २०२५ मध्ये, १३० दिवसांनी, ती काढली.

ही गोष्ट ऐकून बाबा म्हणतील, ‘बघ, म्हणूनच मी तुझी घेत नाही.’ त्यांचं हे म्हणणं उडवून लावू नकोस. लूनी यांच्यावर आलं ते क्वचित येतं, पण येतं. डुकराची किडनी घ्यायची वेळ त्यांच्यावर का आली तेही याच गोष्टीत आहे. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. स्लेमन, बेनेट, लूनी, सगळ्यांचंच तसं होतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये डुकराच्या किडनीच्या ज्या रीतसर चाचण्यांना परवानगी दिली, त्यांतल्या एकीत सुरुवातीला फक्त ६ रुग्ण, पुढे ५० पर्यंत. घ्यायचे कुणाला, तर ज्यांना वैद्यकीय कारणांनी माणसाची किडनी बसवताच येत नाही, किंवा यादीत असूनही पुढच्या ५ वर्षांत ती मिळण्यापेक्षा न मिळण्याचीच शक्यता ज्यांची जास्त, अशांना. घरात रक्तगट जुळणारी, तयार असलेली मुलगी आहे असा माणूस या अटींत बसणं कठीण आहे. बाबा ज्या रांगेत उभं राहू म्हणतायत, ती रांग त्यांच्यासाठी नाही.

आणि थांबायचं म्हणजे कुठे थांबायचं? डायलिसिसवर. बाबांच्या हातावर फिस्टुला असेल, धमनी आणि शीर जोडून केलेली. एकदा त्यावर हलकेच बोटं ठेवून बघ, आत सतत एक थरथर जाणवते. डायलिसिसचा रुग्ण रोज उठल्यावर आधी ती थरथर आहे ना, हे बघतो. ती थांबली की धावपळ सुरू. मग दुसरी जागा शोधा, मानेत नळी घाला, संसर्ग सांभाळा. शरीरात अशा जागा मोजक्याच असतात. शिवाय डायलिसिसच्या प्रत्येक वर्षाबरोबर हृदयावरचा ताण वाढतो, आणि प्रत्यारोपण जितकं लांबतं तितके त्याचे निकालही उणे होत जातात. जिवंत दात्याची किडनी साधारण १५ ते २० वर्षं काम देते. ६१ व्या वर्षी ती मिळणं आणि ६५ व्या वर्षी मिळणं यांत फार फरक आहे. दोन वर्षं हा आकडा बाबांनी स्वतःच्या मनानं ठरवलाय. कुठल्याही डॉक्टरनं त्यांना तो दिलेला नसणार.

आता तुझ्याबद्दल. मोठमोठ्या अभ्यासांतून आलेले आकडे सांगते. किडनी देण्याच्या शस्त्रक्रियेत दाता दगावण्याचं प्रमाण पूर्वी १०,००० त सुमारे ३ होतं, अमेरिकेतल्या अलीकडच्या आकड्यांत ते १ च्या आसपास आलंय. पुढे आयुष्यात कधीतरी स्वतःचीच किडनी निकामी होण्याचा धोका अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दात्यांमध्ये १०,००० त ९० निघाला. तितक्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या माणसांत तो १४ होता. म्हणजे धोका कमी आहे, पण दिल्यानं वाढतो. ‘काही होत नाही गं, एका किडनीवर माणूस आरामात जगतो’ असं जे सगळे म्हणतात ते बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे आणि अपुरंही आहे.

तुझ्यासाठी मुलांचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. कॅनडातल्या एका अभ्यासात, किडनी दिल्यानंतर ज्या बायका गरोदर राहिल्या त्यांच्यात १०० पैकी ११ गरोदरपणांत रक्तदाब वाढला किंवा प्रीएक्लॅम्प्सिया (रक्तदाब वाढून आई-बाळाला धोका होणारा गरोदरपणातला विकार) झाला. न दिलेल्या बायकांत हे प्रमाण ५ होतं. बहुतेकींची बाळंतपणं नीट झाली, बाळंही चांगली झाली. पण हा आकडा तुला किडनीच्या डॉक्टरनं आणि स्त्रीरोगतज्ज्ञानं समोर बसवून, तुझ्या रक्तदाबाचे आणि साखरेचे रिपोर्ट उघडून समजावून सांगायला हवा. घरात कुणाला साखर, कुणाला रक्तदाब, हेही विचारात घ्यायला हवं. आधी मूल आणि मग दान, असा क्रमही काही डॉक्टर सुचवतात. बाबांना तेवढा वेळ आहे का, हे तेच सांगू शकतील. ज्याच्याशी लग्न ठरतंय त्यालाही हे सांग, परवानगी मागायला म्हणून नाही, तर पुढच्या गरोदरपणात काळजी दोघांना घ्यावी लागेल म्हणून.

एक गोष्ट मला तुझ्या पत्रात खटकली. तुझा भाऊ ‘ताई देतेय तर घ्या’ म्हणतो. त्याची तपासणी झाली का? आईची? तू ‘तयार आहे’ म्हणालीस आणि सगळ्यांनी शोध थांबवला, असं तर झालं नाही ना? घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची तपासणी व्हायला हवी. रक्तगट जुळला नाही तरी वाट बंद होत नाही. दोन कुटुंबांनी आपापले दाते अदलाबदल करण्याची पद्धत आता रुळली आहे. आणि मेंदूमृत दात्यांच्या किडनीसाठीच्या प्रतीक्षायादीत बाबांचं नाव आहे का, हे तू लिहिलेलं नाहीस. नसेल तर या आठवड्यात घाला. जिवंत दात्याच्या तपासण्या चालू असतानाही ते नाव तिथे राहू शकतं.

आणि तू ‘नाही’ म्हणू शकतेस. सगळ्या तपासण्या झाल्यावर, तारीख ठरल्यावर, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीसुद्धा. चांगल्या प्रत्यारोपण केंद्रांत दात्याशी बोलायला रुग्णाचे नव्हेत असे वेगळे डॉक्टर किंवा समुपदेशक असतात, ते याचसाठी. त्यांना एकटी भेट. बाबा, आई, भाऊ कुणीच सोबत नको. तुला वाटलेलं ते हायसं त्यांना जसंच्या तसं सांग. तू मागे हटलीस तर अनेक ठिकाणी घरच्यांना ‘दाता म्हणून योग्य नाही’ एवढंच कळवलं जातं, कारण सांगत नाहीत. हा पळपुटेपणा नाही. दबावाखाली दिलेली किडनी कुणीही घेऊ नये, म्हणून ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. सगळं समजून घेतल्यावर तुला मनापासून द्यावीशी वाटली तर दे, आणि मग बाबांनी ती घ्यावी असं मी त्यांनाही सांगेन. मला विचारशील तर तुझे रिपोर्ट चांगले असतील आणि मन ठरत असेल, तर हाच रस्ता सगळ्यात भक्कम आहे. पण माझं मत म्हणजे तुझी संमती नव्हे.

बाबांशी बोलताना डुकराचा विषय त्यांनी काढला तर वाद घालू नकोस. त्यांना विचार, ‘तुम्हाला माझ्याबद्दल नेमकी कशाची भीती वाटते?’ शस्त्रक्रियेची? माझ्या मुलांची? की आयुष्यभर मुलीचे उपकार डोक्यावर राहतील याची? वडील माणसं हे शेवटचं कधी बोलून दाखवत नाहीत, पण मनात असतं. मग त्यांना तुझ्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि तुझा धोका त्यांच्या तोंडून ऐकू दे. लेकीच्या ‘मला काही होणार नाही’ या शब्दांवर बाप विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मी तुझ्यामार्फत देते, पण तिला हरवायला म्हणून वापरू नकोस. जनावराच्या शरीरातलं काही आपल्या शरीरात येणं तितकं नवं नाही. १९२२ पासून सुमारे साठ वर्षं मधुमेहाचं इन्सुलिन डुकरं आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातूनच यायचं. हृदयाच्या खराब झडपेच्या जागी डुकराची झडप बसवतात, कित्येक माणसं ती घेऊन वर्षानुवर्षं जगतात. बाबांचं रक्त डायलिसिसच्या मशीनमध्ये गोठू नये म्हणून जे हेपरिन देतात, तेही बहुतेक डुकराच्या आतड्यापासून बनतं. माणूस तोच राहतो. धर्मांचं म्हणशील, तर कॅथलिक ख्रिश्चनांच्या व्हॅटिकनमधल्या अकादमीनं २००१ मध्येच याला तत्त्वतः हरकत नाही असं म्हटलं होतं, आणि डुक्कर निषिद्ध मानणाऱ्या ज्यू आणि मुस्लिम धर्मांतल्याही अनेक अभ्यासकांनी जीव वाचवण्यासाठी ते चालेल असं सांगितलंय. तरीही तिच्या मनाला नकोसं वाटत असेल तर वाटू दे. ती किडनी तिला घ्यायची नाहीये.

माझं स्वतःचं मन इथे दुसऱ्याच गोष्टीनं अडतं. ही डुकरं बंदिस्त, निर्जंतुक खोल्यांत वाढवतात. पिल्लं सिझेरियननं काढतात, आईपासून दूर ठेवतात, म्हणजे रोग लागू नये. चिखल नाही, उकिरडा नाही, आभाळ नाही. डुक्कर फार हुशार आणि खेळकर प्राणी आहे. किडनी न मिळाल्यानं माणसं मरतायत, तोवर मी या कामाच्या बाजूनं आहे, पण त्या जिवाला काय द्यावं लागतं ते लपवून मला ती बाजू घ्यायची नाही.

कदाचित उद्या तुझीही किडनी जुळणार नाही, दुसऱ्या कुणाचीही जुळणार नाही, आणि बाबांना खरोखरच अशा एखाद्या चाचणीत घेतील. तेव्हा काही प्रश्न आधी विचारा. किडनी काढावी लागली तर पुढे काय? या किडनीमुळे अँटिबॉडी वाढून माणसाची किडनी मिळणं आणखी अवघड होईल का? नव्या विषाणूच्या शक्यतेमुळे बाबांना आयुष्यभर तपासण्यांना बांधून घ्यावं लागेल, तर घरातल्यांनाही काय काय पाळावं लागेल? साध्या औषधाच्या चाचणीतून माणूस मनात आलं की बाहेर पडू शकतो, इथे तसं पूर्णपणे पडता येत नाही. सही करण्याआधी हे आईलाही कळायला हवं, कारण ती त्याच घरात राहते.

आता दोन कामं कर. यादीत बाबांचं नाव आहे का ते बघ, आणि दात्याच्या डॉक्टरांची तुझ्या एकटीसाठी वेळ घे. त्यानंतर काय ठरलं ते मला कळव. ‘नाही’ असं ठरलं असेल तर तेही कळव.